दिडकी आणि अडीचकी

श्पार्गेल बाजारात आला की मला घोडे आठवतात. भाजी बघून घोडे आठवणारी बाई या शहरात माझ्याशिवाय दुसरी नसावी. एप्रिलच्या शेवटी, थंडी अजून बाह्यांत शिरत असताना, शनिवारच्या बाजारात त्या पांढऱ्या कांड्यांच्या जुड्या दिसू लागतात. शेतकरीण दोन कांड्या उचलते आणि माझ्या कानाशी एकमेकींवर घासते. ताज्या असल्या तर चिरकतात, शिळ्या गप्प राहतात. मी चिरकणाऱ्या घेते, टोपलीत टाकते आणि घराकडे वळते. वाटेत ओल्या गवताचा वास येतो, पाठोपाठ चामड्याचा, घोड्यांच्या घामाचा, नव्या छापलेल्या तिकिटांच्या शाईचा. त्यातलं काहीही आसपास नसतं. अकरा वर्षं झाली, तरी दर वर्षी हे असंच होतं, म्हणून या वर्षी लिहूनच टाकायचं ठरवलं.

श्पार्गेल ही आपल्या शतावरीच्या गोतातलीच भाजी. वाळूच्या ढिगाऱ्याखाली वाढते, उजेड लागला नाही म्हणून पांढरी राहते. हॅनोव्हरच्या आसपास वाळूची जमीन भरपूर, त्यामुळे इथल्या लोकांना वसंताचे दोन महिने दुसरं काही सुचत नाही. चोवीस जूनला शेतकरी सुरी खाली ठेवतात. त्यानंतर कितीही पैसे दिले तरी मिळत नाही. मला हा नियम आवडतो. पहिल्या वर्षी मी तिला शेवग्याच्या शेंगेसारखी तोडून मोहरी-हिंगाची फोडणी दिली होती. सगळ्यांच्या ताटात शेवटी चोयट्यांचा ढीग झाला. आमच्या घरमालकीणबाईंनी, फ्राउ लिंडेमाननी, तो ढीग बघितला, आत गेल्या आणि साल काढायची सुरी घेऊन आल्या. शेंड्याखाली दोन बोटं सोडायची आणि तिथून बुडाकडे सोलत जायचं. कंजूषपणा करायचा नाही. साल थोडी जरी राहिली तरी सगळी कांडी वाया.

आम्ही छप्पन्नच्या शेवटी आलो होतो. हे इथल्या तांत्रिक विद्यापीठात संशोधन करत होते, शिष्यवृत्ती एकाची होती आणि खाणारी तोंडं दोन. शहर तेव्हा अर्धं काचेचं आणि अर्धं पडक्या भिंतींचं होतं. भिंतींच्या आत, जिथे कोणाची तरी बैठकीची खोली असणार, तिथे जांभळ्या लायलॅकची झुडपं माजली होती. वसंतात व्यापारी प्रदर्शन भरलं की शहरातली प्रत्येक गृहिणी पाहुण्यांना खोल्या भाड्याने द्यायची. फ्राउ लिंडेमाननीही आमची खोली दहा दिवसांसाठी एका स्क्रूच्या व्यापाऱ्याला दिली आणि आम्हाला स्वयंपाकघरातल्या सोफ्यावर हलवलं. भाडं त्या दहा दिवसांचं घेतलं नाही, आणि वर मला काम मिळवून दिलं.

काम रेसकोर्सवर होतं. त्यांची नणंद तिथे पैज लावण्याच्या खिडक्यांची देखरेख करत असे. रविवारी दुपारी पैसे चुकते करायला झटपट हिशेब येणारी माणसं हवी होती. फ्राउ लिंडेमाननी मला किराणावाल्याच्या यादीची बेरीज त्याच्या आधी करताना पाहिलं होतं. तेवढ्या शिफारशीवर मी त्या खिडकीत बसले. एका रविवारच्या मजुरीत आमचा आठवड्याचा भाजीपाला निघे.

हे कोणाला सांगायचं नव्हतं. ह्यांनी तसं तोंडाने म्हटलं नाही, पण पहिल्याच आठवड्यात साताऱ्याला आईंना लिहिलेल्या पत्रात “ती रविवारी मालकीणबाईंच्या नणंदेला मदतीला जाते” असं वाक्य मी वाचलं. वाक्य खोटं नव्हतं. मीही तेच वाक्य वापरू लागले. जुगाराच्या खिडकीत बसणारी सून हे आमच्या घरात बसणारं चित्र नव्हतं, आणि हॅनोव्हरात तेव्हा जी पाच-सहा मराठी माणसं होती, त्यांच्यापैकी कोणाच्या ना कोणाच्या पत्रातून बातमी साताऱ्याला पोचायला दोन आठवडे पुरले असते.

खिडकी ठेंगणी होती. लाकडी चौकट, पितळी पट्टी आणि खाली हात जाईल एवढी फट. बसल्यावर समोरच्याचा चेहरा दिसत नसे, हात दिसत. चार उन्हाळ्यांत मी हजारो हात पाहिले असतील. जिंकलेल्या माणसाचा हात पट्टीवर सपाट पडतो. जिंकूनही घाबरलेल्याचा हात तिकिटावरून उठत नाही. बायकांचे हात बहुतेक हातमोज्यांतले. एका म्हाताऱ्याच्या उजव्या हाताला दोनच बोटं होती, तो दर रविवारी सर्वांत लाडक्या घोड्यावर सर्वांत लहान पैज लावायचा आणि मिळालेली नाणी त्या दोन बोटांत धरून मला “अडे”, म्हणजे निरोपाचं “येतो”, म्हणायचा. त्याचा चेहरा कसा होता, मला आजही माहीत नाही.

शेजारच्या खिडकीतली बाई कागदावर गुणाकार करत असे. मला कागद लागत नसे. माझे वडील शाळामास्तर, पाढ्यांच्या बाबतीत निर्दय. सकाळी दूध मिळायच्या आधी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. चुकलं की पुन्हा एकपासून. तेव्हा वाटायचं, पाऊणकीचा जगात कोणाला उपयोग आहे? तर तो होता. हॅनोव्हरच्या रेसकोर्सवर मला तो दर रविवारी पाचला सुट्टी होईपर्यंत होता.

आता भाव म्हणजे काय, ते सांगायला हवं. त्याच्यावाचून पुढचं कळणार नाही. इथे पैज लावणाऱ्यांचे सगळे पैसे एका राशीत जमा होतात. त्यातून सरकारचा कर आणि मैदानाचा खर्च आधीच काढून घेतात. उरलेली रास जिंकलेल्या घोड्याच्या तिकिटांत वाटली जाते. म्हणजे भाव घोडा ठरवत नाही, कठड्याला टेकून उभे असलेले लोक ठरवतात. ज्या घोड्यावर सगळ्यांचा जीव, त्याच्या तिकिटाला कमी मिळतं, कारण वाटेकरी पुष्कळ. ज्याच्याकडे कोणी बघितलं नाही, तो आला तर दोघाचौघांची चंगळ होते. आणि फळ्यावर खडूने लिहितात ते असं: पंधराला दहा. याचा अर्थ, दहा मार्क लावलेत तर हातात एकूण पंधरा येतील. त्यात तुमचे दहा आले. मिळाले पाच.

पुण्याला असं नाही. पुण्याच्या रेसकोर्सवर बुकी पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना इंग्रजी पद्धतीचा भाव सांगतात. तीनास दोन म्हटलं की दोन लावा, तीन मिळतील, आणि तुमचे दोन परत ते वेगळेच. दोन्हीकडे घोडे तेच, आकडेही तेच. फक्त मूळ रक्कम एकीकडे आकड्याच्या आत आणि दुसरीकडे बाहेर. एवढाच फरक. माणसाचा उन्हाळा गिळायला तेवढा पुरतो.

रघुनाथ शितोळे पुण्याचे. आम्ही त्यांना शितोळे भावोजी म्हणायचो. ह्यांच्याच विभागात ओतकामावर प्रबंध लिहीत होते, समोरच्या घराच्या माळ्यावर एका तिरक्या छताच्या खोलीत राहात होते आणि दर शनिवारी दुपारी आमच्याकडे जेवत. अंगाने आडवे, बोलायला मोकळे. उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटात पोवळ्याची अंगठी आणि त्याच हाताच्या पाठीवर वितळलेल्या ॲल्युमिनियमचा एक चकचकीत डाग. वडील रेसकोर्सच्या तबेल्यात मुकादम. त्यामुळे भावोजींना घोड्यातलं कळायचं, आणि ते कळतं हे सांगायलाही आवडायचं. पैज मात्र आयुष्यात लावली नव्हती. मुलगा शाळेत जाऊ लागला तेव्हाच वडिलांनी त्याला जेजुरीला नेऊन भंडाऱ्यावर हात ठेवायला लावून शपथ घेतली होती.

त्या मे महिन्यात त्यांचं सगळं झालं होतं आणि काहीच झालं नव्हतं. प्रबंध मान्य झाला, तोंडी परीक्षाही झाली. पण इथला नियम असा की प्रबंधाच्या ठरलेल्या प्रती विद्यापीठाला दिल्याशिवाय पदवीचा कागद हातात पडत नाही. छापखान्याने चारशे ऐंशी मार्क सांगितले होते. भावोजींची शिष्यवृत्ती संपली होती आणि पोस्टाच्या पुस्तकात दोनशे होते. जुलैच्या मध्यात जिनोव्हाहून बोट, तिचं तिकीट शिष्यवृत्तीतलंच, बदलता न येणारं. आणि तिकडे सरकारी कॉलेजातली जागा पदवीचा कागद दाखवला तरच. तबेल्यातल्या मुकादमाने चार वर्षं जगाला सांगितलं होतं की मुलगा जर्मनीहून डॉक्टर होऊन येतोय. दोनशे ऐंशी मार्कांसाठी तो तसाच परत गेला असता.

आमच्याकडे असते तर दिले असते. नव्हते.

त्या शनिवारी मी मोरीपाशी उभी राहून श्पार्गेल सोलत होते. टेबलाशी हे आणि भावोजी. बोलता बोलता गाडी घोड्यांवर आली. मागच्या रविवारी भावोजी मैदानाच्या स्वस्त बाजूला जाऊन नुसते बघत उभे होते. तिथे त्यांनी हाइडेविंड नावाची एक तांबूस घोडी पाहिली. ओल्या जमिनीवर ती पाय कसा टाकते, ते त्यांनी टेबलावर दोन बोटांनी करून दाखवलं. उद्या ती तिसऱ्या शर्यतीत होती आणि त्यांच्या मते तिला हरवणारा प्राणी त्या मैदानात नव्हता.

ह्यांनी विचारलं, मग भाव काय असेल. मागच्या वेळी पंधराला दहा होता, उद्याही तेवढाच राहील, भावोजी म्हणाले. आणि हसले. या लोकांना यंत्रातलं सगळं कळतं, घोड्यातलं काही कळत नाही. पंधराला दहा म्हणजे आपला तीनास दोन. अशा घोडीवर पुण्यात कोणी तीनास दोन दिला तर त्या बुकीला त्याची बायकोच घराबाहेर काढेल. दहा लावले तर पंधरा वर आणि दहा परत, म्हणजे अडीचपट. “मी आपलं सांगतोय,” ते म्हणाले. “आपल्याला काय करायचंय.”

माझ्या हातातली सुरी थांबली. तो हिशेब चुकीचा होता हे मला माझ्या नावाइतकं पक्कं माहीत होतं. आदल्याच रविवारी त्या घोडीची तिकिटं मी चुकती केली होती, दहाला पंधरा. पण ते सांगायचं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, वहिनी, तुम्हाला कसं ठाऊक? ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. मग मी राहिलेली कांडी सोलली आणि भांड्याखाली गॅस मोठा केला. त्यांना शपथ आहे, ते पैज लावणार नाहीत, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही वाटत होतं. पण विचारायला काही पैसे पडत नव्हते, आणि मी विचारलं नाही.

रविवारी सकाळी पाऊस पडून गेला होता. फाटकाशी एक शेतकरीण टोपली घेऊन बसली होती. मी किलोभर श्पार्गेल घेतला, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवला आणि पिशवी खुर्चीखाली सरकवली. तिसरी शर्यत मला दिसली नाही. खिडकीतून काहीच दिसत नसे, फक्त ऐकू येई. आधी दुरून टापांचा आवाज, पत्र्यावर ओल्या वाळूचे गोळे फेकावेत तसा, मग लोकांचा गलका. हाइडेविंड आली. किती अंतराने आली हे लोकांच्या आवाजावरूनच कळलं, कारण शेवटच्या टप्प्यात तो गलकाही थांबला होता. अंतिम भाव आला, पंधरा.

बाराव्या की तेराव्या माणसाच्या वेळी फटीतून तिकिटांची जाड चळत आत आली. वीस तिकिटं, दहा-दहा मार्कांची. चळतीवर हात होता आणि हातात पोवळ्याची अंगठी. पाठीवर चकचकीत डाग.

वडिलांनी घोटवलेलं माझ्या डोक्यात आपोआप वाजलं. वीस दिडं तीस. तीनशे मार्क. आणि त्याच क्षणी कळलं की पलीकडच्या डोक्यात दुसरा पाढा वाजतोय. वीस अडीचं पन्नास. पाचशे. छापखान्याचे चारशे ऐंशी, वर वीस. दिडकी आणि अडीचकी या दोन पाढ्यांमध्ये एक माणूस उभा होता आणि मी त्याच्यासमोर पितळी पट्टीवर नोटा ठेवत होते.

तीनशेवर मी थांबले. हात उघडाच राहिला. मग भावोजींनी त्यांच्या स्वच्छ जर्मनमध्ये सांगितलं की अजून दोनशे यायचे आहेत. माझ्या शेजारणीने मान वर केली. रांगेतलं कोणीतरी पुढे व्हा म्हणालं.

“भावोजी,” मी मराठीत म्हटलं, “तीनशेच होतात.”

हात दचकून मागे गेला. मग ते वाकले आणि चार उन्हाळ्यांत पहिल्यांदा आणि शेवटचं मला त्या फटीतून एक तोंड दिसलं. आडवं, घामेजलेलं, कपाळावर टोपीचा वळ.

“वहिनी? तुम्ही इथे?”

“तुमचे दोनशे त्या तीनशेतच आहेत. इथे तसं असतं. जिंकलात ते शंभर.”

त्यांनी नोटांकडे बघितलं. ओठ हलत होते, पाढा पुन्हा म्हणून बघत असावेत. ती घोडी त्यांनी बरोबर ओळखली होती, ओली जमीन बरोबर ओळखली होती. त्या मैदानातल्या कोणाहीपेक्षा त्यांना जास्त कळत होतं, आणि तरी त्यांच्या हिशेबाला दोनशे कमी पडत होते. हरलेल्या माणसाला निदान रागवायला घोडा तरी असतो.

अजून दोन शर्यती बाकी होत्या. तीनशेवर एकशेऐंशीची भर घालायची तर माणूस काय करतो, हे खिडकीत बसणाऱ्याला सांगावं लागत नाही. मी पुढे केलेल्या नोटा परत आत ओढल्या, मोजण्यात चूक झाली म्हटलं आणि पुन्हा मोजायला लागले. पाच-पाचच्या, दोन-दोनच्या. मध्येच नाणी घातली. शेजारीण माझ्याकडे बघतच राहिली, मी कधी दुसऱ्यांदा मोजलेलं तिने पाहिलं नव्हतं. रांग कुरकुरली. शेवटी चौथ्या शर्यतीची घंटा झाली आणि पलीकडच्या पैजेच्या खिडक्या धडाधड खाली आल्या. तेव्हा मी तीनशे पुरे केले. मग कडेच्या दारातून माझी पिशवी त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, पाचला माझं काम संपतं, मला घरापर्यंत सोबत हवी, तोवर हे धरून उभे राहा. वहिनीने सोबत मागितल्यावर नाही म्हणणारे भावोजी त्या काळात जन्माला आले नव्हते.

मला वाटलं होतं, काखेत किलोभर ओला श्पार्गेल धरलेला माणूस रांगेत उभा राहणार नाही. तिथे माझा हिशेब चुकला.

ट्रामचे पैसे वाचवायला आम्ही चालत निघालो. लायलॅक ओले होऊन रस्त्यावर झुकले होते. चर्चवरून परतणारी कुटुंबं आमच्याकडे वळून बघत होती, कारण पुढे पिशवी घेतलेला रुंद माणूस, मागे साडीवर कोट घातलेली बाई. पुलापाशी ते म्हणाले, “शेवटच्या शर्यतीत शंभर लावले. गेले.”

म्हणजे सकाळी होते तेवढे दोनशे.

मला तेव्हा सांगावंच लागलं. “मला शनिवारी माहीत होतं. तुम्ही पंधराला दहा म्हणालात तेव्हाच.”

“मग बोलला का नाहीत?”

“मी कुठे बसते ते तुम्हाला कळलं असतं.”

ते चालत राहिले. मी त्यांच्या टाचांकडे बघत होते. डाव्या बुटाची शिवण उसवली होती. न थांबता, मागे न बघता ते म्हणाले, “बाबा तबेल्यात आहेत हे माझ्या आजोळी कोणाला ठाऊक नाही. आई सांगते कचेरीत आहेत. बाबा गावी जायचे तर आधी दोनदा आंघोळ करायचे.”

घरी पोचल्यावर श्पार्गेल सोलला. कांड्यांचे शेंडे त्यांच्या काखेत मोडले होते. ह्यांनी विचारलं, एकत्र कसे आलात. भावोजी म्हणाले, वहिनी वाटेत भेटल्या. मी मान हलवली. ते वाक्यही खोटं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी विद्यापीठात गेले. प्रबंधाचं कचेरीतलं काम बघणाऱ्या बाईंना विचारलं की प्रती छापलेल्याच लागतात का. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. नियम वाचायची तसदी पहिल्यांदाच कोणीतरी घेतंय, म्हणाल्या. मेणकागदावर टाइप करून सायक्लोस्टाईल काढलेल्याही चालतात. कागद चांगला हवा, अक्षर स्पष्ट हवं, बांधणी हवी. भावोजींना हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांच्या प्राध्यापकांच्या सगळ्या विद्यार्थ्यांचे प्रबंध छापलेले होते, त्या ओळीत आपला मेणकागदावरचा ठेवायचा नाही असं त्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. कागद, स्टेन्सिल, बांधणी असा खर्च मी जिन्यातच मनाशी मांडला. एकशे नव्वदच्या आत बसत होतं. ज्या दोनशेंचे पाचशे करायला ते शपथ मोडून गेले, ते दोनशेच पुरणार होते. खर्च किती येईल ते कोणी विचारायला गेलं नव्हतं, इतकंच.

फ्राउ लिंडेमानांकडे त्यांच्या दिवंगत यजमानांचा टाइपरायटर होता. यजमान विमा विकायचे. त्यांनी स्वतः धूळ पुसली आणि म्हणाल्या, या यंत्राने आजवर माणसं मरतील त्याचेच कागद लिहिलेत, जरा बदल होऊ दे. मला टाइपिंग येत होतं, लग्नाआधी साताऱ्याच्या बँकेत दोन वर्षं केलं होतं. उम्लाउटची, म्हणजे जर्मन अक्षरांवरच्या दोन टिंबांची, सवय पहिल्या दहा पानांत झाली. भावोजी समोर बसून समीकरणं टोकदार सुईने मेणावर कोरायचे आणि जीभ दाताखाली धरायचे. चूक झाली की गुलाबी लाखेचा ठिपका, फुंकर, पुन्हा अक्षर. ती लाख, उकळत्या श्पार्गेलचं गोडसर पाणी आणि खिडकीतून येणारा लिंडनच्या झाडांचा मोहोर, हा त्या जूनचा वास. एकशे छत्तीस पानं झाली. कोणी म्हणेल मी प्रायश्चित्त घेतलं. तसं काही नव्हतं. यंत्र रिकामं होतं, मी दुपारी मोकळी होते आणि काम होण्यासारखं होतं. पण रविवारी खिडकीत बसताना हात हलके वाटायचे, हे मी नाकारत नाही.

शेवटचं पान चोवीस जूनला झालं. त्या दिवशी बाजारात शेवटच्या जुड्या होत्या, बारीक आणि महाग. तरी मी घेतल्या.

भावोजी बोटीवर चढले तेव्हा कागद त्यांच्या खिशात होता. आता ते तिकडे विभागप्रमुख आहेत, दिवाळीला लांब पत्र येतं, त्यात मुलांची प्रगती आणि भट्टीच्या तक्रारी असतात. घोड्यांविषयी कधी काही नसतं. प्रबंधाची एक प्रत आमच्या फडताळात आहे. चाळिसाव्या पानापासून पुढे शाई पुरवून वापरल्याने अक्षरं फिकी झाली आहेत, पण वाचता येतात.

आणि मी अजून “नणंदेच्या मदतीला” जात होते, असंच घरातलं वाक्य राहिलं. पुढे मुलगी झाली, खिडकी सुटली, सासूबाई गेल्या. वाक्य मात्र कोणी बदललं नाही. भाषेत एखादी गोष्ट इतकी वर्षं राहिली की तिच्यावर घर बांधलेलं असतं, असं वाटतं. खरं तर तिच्यावर काहीही नसतं. उचलून बाजूला ठेवली तर खाली फक्त थोडी धूळ निघते.

गेल्या रविवारी आमच्याकडे जेवायला गद्रे नावाचा विद्यार्थी होता. म्युनिकला शिकतो, प्रदर्शन बघायला आलेला. पुण्याचाच, हुशार, सडसडीत, बोटावर बोट आपटून बोलणारा. तिकडच्या मैदानावर एक घोडा आहे म्हणाला. तेराला दहा भाव. घरमालक अनामत मागतोय, खोलीचा प्रश्न आहे, पण पुढच्या आठवड्यात सुटेल. दहाला तेरा वर, दहा परत, म्हणजे सव्वादोनपटीहून जास्त.

मी मोरीपाशी उभी होते. हातात सुरी, पुढे अर्धी जुडी. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. अगदी तसंच, अकरा वर्षांपूर्वीसारखं, आणि मग ताटाकडे बघू लागले. आमच्या मुलीला मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्येच येतं. तिने बोटं मोजली आणि म्हणाली, “दास श्टिम्ट नीष्ट.” हे जुळत नाही. पाढे तिला मी शिकवलेत. भाव कधी शिकवले नव्हते, पण रविवारच्या वर्तमानपत्रात कोपऱ्यातले ते आकडे आम्ही दोघी मिळून वाचतो.

“ती बरोबर म्हणतेय,” मी सांगितलं. “तेरात तुझे दहा आहेत. वर तीनच.”

गद्रे हसला. पुण्यात त्याच्या मामाचं सगळं आयुष्य रेसकोर्सवर गेलं, म्हणाला. तुम्हाला कोणी सांगितलं, काकू?

“मी त्या खिडकीत बसत होते. इथल्या रेसकोर्सवर, चार उन्हाळे. माझ्या हातांनी दिलेत.”

ह्यांचा काटा ताटावर टेकला. मला वाटलं, आता ते नणंदेचं वाक्य काढतील. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि गद्रेला म्हणाले, “तिच्या हिशेबात चूक सापडत नाही. लग्न झाल्यापासून सोळा वर्षं मी शोधतोय.”

गद्रेचे ओठ हलू लागले, ते मी ओळखते. त्याला ते पुरं करू दिलं. मग अनामत किती, घरमालक कोण, विद्यापीठाच्या कचेरीत कोणाला विचारलंय का, असे प्रश्न मी एकामागोमाग विचारले. कचेरीत त्याने कोणालाच विचारलं नव्हतं. मी दुसरी सुरी काढून त्याच्यापुढे ठेवली आणि जुडीतला अर्धा भाग सरकवला.

“शेंड्याखाली दोन बोटं सोड,” मी म्हटलं, “आणि बुडाकडे सोलत जा. तोवर बोलू.”